सातवं मत

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी शरयू केळुसकर जेवणाच्या टेबलाशी बसून आदल्या दिवशीच्या मीटिंगचं इतिवृत्त लिहीत होती. तिची पद्धत ठरलेली होती. मीटिंग चालू असताना टेबलावर छोटा कॅसेट रेकॉर्डर ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी घरी शांतपणे ऐकत सगळं कागदावर उतरवायचं. बाहेर, शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये, अंगणातला बर्फ वितळून मळकट झाला होता. आत गुरुनाथ, तिचा नवरा, चहा घेत पेपर वाचत बसला होता.

टेपवर तिचाच आवाज हजेरी घेत होता. नाव घेतलं की एकेक जण "हजर" म्हणत होता. सहा नावं झाली. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, घसा खाकरल्याचा आवाज, आणि कोणीतरी सातव्यांदा म्हणालं, "हजर."

शरयूने टेप मागे नेली. पुन्हा ऐकली. पुन्हा मागे नेली. रेल्वेच्या बोर्डात सात जागा होत्या, पण सातवी जागा वर्षभर रिकामी होती. काल खोलीत सहाच माणसं होती. तिने स्वतः मोजली होती.

बटरनट क्रीक रेल्वे ही काही खरी रेल्वे कंपनी नव्हती. शिकागोच्या पश्चिमेला, घरापासून गाडीने तासाभरावर, मक्याच्या शेतांमधून जाणारा साडेपाच मैलांचा जुना फाटा होता. एके काळी त्यावरून धान्याचे डबे जायचे. ते बंद झाल्यावर गावातल्या हौशी लोकांनी तो ताब्यात घेतला, एक डिझेल इंजिन आणि चार जुने डबे दुरुस्त केले, आणि उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी लोकांना फिरवून आणायला लागले. पगार कोणालाच नव्हता. तिकीट फाडणारा, ब्रेक बघणारा, गवत कापणारा, सगळे आपापली सुट्टी देऊन येत.

शरयू सत्तरच्या दशकात नागपूरहून सिव्हिल इंजिनीअरिंग करून आली होती आणि तीस वर्षं काउंटीच्या रस्ते खात्यात पूल तपासत होती. २००३ मध्ये ती रिटायर झाली. त्याच उन्हाळ्यात एकदा फिरायला म्हणून ती या गाडीत बसली आणि दुसऱ्या आठवड्यात हातमोजे घेऊन परत गेली. लाइनचं सगळं काम तेव्हा हॅरल्ड लिंडक्विस्टकडे होतं. हॅरल्ड उंच, वाकलेला, कमी बोलणारा म्हातारा. त्याने तिला रूळ कसे बघायचे ते शिकवलं. पूल तिला कळत होते, पण रुळांखालचा कुजलेला लाकडी स्लीपर बुटाच्या टाचेने ओळखायला तिला त्याने शिकवलं. वर्षभरात ती बोर्डावर आली आणि सेक्रेटरीही झाली.

२००४ च्या ऑक्टोबरमध्ये एका डब्याचं चाक रुळावरून उतरलं. वेग माणसाच्या चालण्याइतका होता, कोणाला खरचटलंही नाही, पण गाडी बंद झाली. पुन्हा सुरू करायची तर पूर्ण लाइन तपासून, सुरक्षित आहे असं लिहून, लाइनप्रमुखाने सही करायची होती. हॅरल्ड सही करेना. चौथ्या मैलाजवळ ओढ्यावर, रुळांखालून पाणी जायला, दगडी कमानीची एक मोरी होती. तिच्यावरचा भराव उकरून पाहिल्याशिवाय मी सही करणार नाही, असं तो म्हणायचा. का, ते त्याला नीट सांगता यायचं नाही. रूळ तिथे वेगळा वाजतो, एवढंच म्हणायचा.

उकरायचं म्हणजे अख्खा उन्हाळा जाणार. अध्यक्ष डेल प्रुइट वैतागला. तो आणि हॅरल्ड चाळीस वर्षांपासूनचे दोस्त, फाटा वाचवला तो याच दोघांनी. पण स्वयंसेवक गळायला लागले होते, आणि आणखी एक वर्ष बंद राहिली तर ही रेल्वे कायमची गेली, अशी डेलची खात्री होती. त्याने शरयूला मोरी बघायला सांगितलं. ती खाली ओढ्यात उतरली, टॉर्च मारून कमानीचे दगड पाहिले, दहा मिनिटांत वर आली. दगड पक्के होते. तसं तिने मीटिंगमध्ये सांगितलं.

मग २००५ च्या मार्चमध्ये डेलने हॅरल्डला लाइनप्रमुखपदावरून आणि बोर्डावरूनही काढायचा ठराव आणला. डेल आणि इंजिन चालवणारे दोघे भाऊ एका बाजूला. हॅरल्ड, गावच्या लायब्ररीतून रिटायर झालेली युनिस आणि पुण्याहून आयटीत आलेला विनय दुसऱ्या बाजूला. तीन-तीन. हजेरीच्या यादीत सेक्रेटरीचं नाव शेवटी असे. शरयूने "हो" म्हटलं.

हॅरल्डने टोपी घेतली. दारात थांबून तो तिला म्हणाला, "तुला तरी कळायला हवं होतं." राग नव्हता त्यात. पुढच्या वर्षी, २००६ च्या जानेवारीत, बर्फ उपसताना तो आपल्या ड्राइव्हवेत पडला आणि गेला. अंत्यविधीला शरयू गेली होती, पण त्याच्या बायकोला भेटायचं धाडस तिला झालं नव्हतं.

दरम्यान नवी नियमावली, ब्रेकची दुरुस्ती, रस्त्यावरच्या फाटकाची परवानगी यातच एक वर्ष निघून गेलं होतं. लाइनप्रमुखाची सही आता डेलनेच केली होती. आणि काल, मार्च २००६ च्या मीटिंगमध्ये, मेअखेरच्या लाँग वीकेंडला गाडी पुन्हा सुरू करायचा ठराव सहाच्या सहा मतांनी मंजूर झाला होता. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

शरयूने टेप पुढे नेली. ठराव वाचला गेला. तिचा आवाज नावं घेत होता. हो, हो, हो, हो, हो. शेवटी ती स्वतः, हो. मग घसा खाकरल्याचा आवाज.

"नाही."

तिने टेप थांबवली आणि मागे नेली.

"अहो, जरा इकडे या," ती म्हणाली. "हे ऐका आणि किती मतं पडली ते सांगा."

गुरुनाथ रिटायर्ड डॉक्टर. त्याला एका कानाने कमी ऐकू यायचं आणि रेल्वेच्या भानगडीत त्याला रसही नव्हता. चांगला कान पुढे करून त्याने ऐकलं आणि बोटांवर मोजलं.

"सात," तो म्हणाला. "सहा हो, एक नाही. तो शेवटचा कोण? त्याला म्हणावं छातीचा एक्स-रे काढून घे."

शरयूने त्याला काही सांगितलं नाही. इतिवृत्तात तिने सहा मतं लिहिली.

एप्रिलच्या मीटिंगला ती अर्धा तास आधी पोचली. मीटिंग शनिवारी सकाळी दहाला, जुन्या स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये व्हायची. लांब टेबल, भिंतीवर घड्याळ, उंच खिडक्यांतून स्वच्छ ऊन. तिने सगळ्या खुर्च्या मोजल्या. सात होत्या. टेबलाच्या पलीकडच्या टोकाची खुर्ची हॅरल्डची. ती कोणी मुद्दाम टाळत होतं असं नाही, पण तिथे कोणी बसत नव्हतं. तिला वाटलं ती खुर्ची उचलून बाहेर ठेवावी. तिने खुर्चीच्या पाठीला हात लावला आणि तसाच काढून घेतला. लाकूड कोमट होतं, एखादा माणूस नुकताच उठून गेल्यासारखं. ऊन तर त्या कोपऱ्यात येत नव्हतं.

मीटिंगमध्ये तिने कान देऊन ऐकलं. हजेरीला सहा आवाज आले. खोलीत दुसरं काही ऐकू आलं नाही. घरी गेल्यावर टेपवर मात्र सात होते. त्या दिवशी चार ठराव झाले होते, आणि चारही ठरावांच्या शेवटी तोच खाकरा आणि तेच "नाही". तिकीटघर रंगवायच्या ठरावालाही.

हे एकटीने सोसण्यासारखं नव्हतं. तिने विनयला घरी बोलावलं. विनय चौतिशीचा, ऑफिसात दिवसभर कोड लिहिणारा आणि वीकेंडला ग्रीसमध्ये हात घालणारा. लहानपणापासून इंजिनांचं वेड. आधी तो हसला. म्हणाला, काकू, कुणीतरी टेपशी प्रँक केलाय, नाहीतर जुनी टेप नीट इरेज झाली नसेल. मग कॅसेट लॅपटॉपला जोडून तो तासभर हेडफोन लावून बसला. शरयूने पोहे केले. ते गार झाले तरी तो उठला नाही.

शेवटी हेडफोन काढून त्याने ते टेबलावर हळूच ठेवले.

"काकू, ही जुनी टेप नाहीये," तो म्हणाला. "जुनं रेकॉर्डिंग खाली राहिलं असतं तर ते तुमच्या आवाजाच्या मध्येच कुठेतरी आलं असतं. हा थांबतो. तुमचं नाव होईपर्यंत थांबतो, आणि मगच बोलतो. मागे घड्याळाची टिकटिक पण कंटिन्यू आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तो माणूस त्या खोलीत होता. टेबलाच्या टोकाला. डेल बसतो तेवढाच लांब." त्याने डोळे चोळले. "मी हा आवाज ओळखतो, काकू. तुम्हीपण ओळखता."

दुसऱ्या दिवशी शरयूने डेलला फोन केला. त्याने तिला स्टेशनवर बोलावलं. वेटिंग रूममध्ये दोघंच होती. डेल जाडजूड, तांबड्या चेहऱ्याचा माणूस, आयुष्यभर शेतीची यंत्रं दुरुस्त केलेला. तो चेष्टा करेल, नाहीतर संतापेल, अशी शरयूची अटकळ होती. त्याने टेप पूर्ण ऐकली. चारही ठराव. एकदाही मान वर केली नाही.

"तो प्रत्येक गोष्टीला नाहीच म्हणायचा," तो शेवटी म्हणाला. "पहिल्यापासून."

शरयूच्या अंगावर सर्रकन काटा आला. भुताची तिला तोवर एवढी भीती वाटली नव्हती. डेलला नवल वाटलं नव्हतं, हे तिला जास्त भयंकर वाटलं. तिने विचारलं तेव्हा त्याने सांगितलं की जानेवारीपासून, तो एकटा इथे असला की, त्या कोपऱ्यातून खाकरल्याचा आवाज येतो. आधी तो बाहेर जाऊन बघायचा. आता नाही बघत. त्याने कॅसेट बाहेर काढून तिच्या हातात दिली आणि ती पुसून टाक असं सांगितलं. यापुढे मीटिंग रेकॉर्ड करायची नाही, हाताने लिहायचं. मेलेल्या माणसाला मत नसतं, तसं नियमावलीत आहे, असंही म्हणाला. नियमावलीत तसं काही लिहिलेलं नव्हतं. लिहायची कधी वेळच आली नव्हती.

घरी परतताना हायवेवर तिला सारखा तो रंगकामाचा ठराव आठवत राहिला. हॅरल्ड हट्टी होता, पण रंगाला नाही म्हणणारा नव्हता. तिकीटघर रंगवा म्हणून तोच मागे लागलेला असायचा. मग तो रंगाला नाही म्हणत नव्हता. त्याला एकच गोष्ट सांगायची होती आणि तिच्यासाठी त्याच्याकडे तो एकच शब्द उरला होता. गाडी सुरूच करू नका. आणि का, ते ज्या बाईला कळायला हवं होतं, तिने दहा मिनिटं खालून टॉर्च मारला होता.

पुलाच्या कामात तिने कधी असं केलं नव्हतं. तीस वर्षांत एकदाही नाही. इथे केलं, कारण डेलने तिच्या शब्दाला मान दिला होता, कारण तिलाही गाडी सुरू झालेली हवी होती, आणि खरं म्हणजे त्या मंडळींना नाही म्हणणारी परकी बाई व्हायचं तिच्या जिवावर आलं होतं. हे तिने स्वतःशी त्या दिवशी पहिल्यांदा कबूल केलं.

मेच्या पहिल्या शनिवारी ती आणि विनय चौथ्या मैलाकडे गेले. शेतातल्या रस्त्यावर गाडी लावून रुळांवरून पाव मैल चालायचं होतं. विनयच्या खांद्यावर लोखंडी पहार होती. दुपारचे दोन वाजले होते. आकाश निरभ्र, दोन्ही बाजूंना नुकतीच पेरलेली काळी शेतं, आणि लाइन इतकी सरळ की मैलभर पुढचं दिसत होतं. एवढ्या उजेडात, एवढ्या मोकळ्या जागी घाबरायचं कशाला, असं शरयू मनात म्हणत होती.

मोरीच्या अलीकडे ते थांबले. वरून पाहिलं तर काहीच वेगळं नव्हतं. खडी सपाट, स्लीपर ओळीत. खाली ओढ्याचं पाणी कमानीतून वाहत होतं.

आणि मग पलीकडून खडीवर पावलं वाजली.

शरयूने वर पाहिलं. विनयनेही. लाइनवर कोणी नव्हतं. पण बूट खडीवर पडत होते, एक पाऊल हलकं आणि एक जड, गुडघा दुखणाऱ्या माणसासारखं. शिकवणीच्या त्या उन्हाळ्यात ती या चालीच्या मागे कितीतरी मैल चालली होती. आवाज सावकाश जवळ आला. स्लीपरमागून स्लीपर. त्यांच्यापासून दहा-बारा फुटांवर तो थांबला. एक खडा घरंगळला, त्यांच्या डोळ्यांदेखत, आपल्याआप. मग काही नाही. वारासुद्धा नाही.

विनय मराठीत काहीतरी पुटपुटत होता. स्तोत्र असावं, लहानपणी पाठ केलेलं. शरयूने त्याच्या खांद्यावरची पहार घेतली. ती चालत गेली, जिथे आवाज थांबला होता तिथे. पहार दोन्ही हातांनी उचलून तिने दोन स्लीपरांच्या मधोमध खडीत मारली.

पहार वीतभर गेली. दुसऱ्या घावाला हातभर. तिसऱ्या घावाला तिच्या हातांना काही लागलंच नाही. पाच फुटांची पहार मुठीतून निसटली आणि खडीत नाहीशी झाली. मग बऱ्याच खालून, पोकळ जागेतून, पाण्यात पडल्याचा आवाज आला.

शरयू गुडघ्यांवर बसली आणि त्या भोकाला कान लावला. आतून गार हवा येत होती. ओढ्याचं पाणी कमानीतून वाहत होतं, पण कमानीच्या मागे, भिंतीआडून, आणखी एक पाणी वाहत होतं. वर्षानुवर्षं ते भरावातली माती नेत होतं. दगड तिने पाहिले तसेच पक्के होते. त्यांच्या मागे आणि वर, रुळांखाली, काहीच उरलं नव्हतं. रूळ, स्लीपर आणि हातभर खडी, एवढंच अधांतरी तगून होतं. तीन आठवड्यांनी इथून इंजिन आणि माणसांनी भरलेले चार डबे जाणार होते.

"काकू, मागे या," विनय म्हणाला. "प्लीज, आधी मागे या."

पुढच्या शनिवारी तिने बोर्डाला सगळं सांगितलं. पावलांचं सोडून. कागदावर आकृती काढून दाखवली. वर्षापूर्वी आपण दिलेलं मत चुकीचं होतं, आपण नीट तपासलंच नव्हतं, आणि त्याच्या जोरावर एका माणसाला काढलं गेलं, हे इतिवृत्तात आपल्या नावाने लिहून घ्यावं असं ती म्हणाली. मग मोरी उकरून बांधेपर्यंत गाडी बंद ठेवायचा ठराव तिने स्वतः मांडला.

दोघे भाऊ चिडले. तिकिटं छापून झाली होती, गावात फलक लागले होते. एका बाईने पहार कुठेतरी खुपसली म्हणून आणखी एक वर्ष घालवायचं का, असं थोरल्याने विचारलं. हवं तर गाडी तिथून हळू नेऊ, असं धाकटा म्हणाला. 

तिने हजेरीच्या क्रमाने नावं घेतली. डेल, नाही. थोरला भाऊ, नाही. धाकटा, नाही. युनिस, हो. विनय, हो. शरयू, हो. तीन-तीन. बरोबरी झाली तर ठराव पडतो, हे नियमावलीत लिहिलेलं होतं. तिने पेन उचललं.

तेव्हा टेबलाच्या टोकाकडून घसा खाकरल्याचा आवाज आला.

टेबलावर रेकॉर्डर नव्हता. या वेळी तो सहाही जणांनी ऐकला. युनिसने तोंडावर हात धरला. धाकटा भाऊ अर्धवट उठला आणि तसाच उभा राहिला. रिकाम्या खुर्चीकडे बघायची कोणाची छाती झाली नाही, फक्त डेलने पाहिलं. तो बराच वेळ बघत राहिला. त्याचा तांबडा चेहरा पांढरा पडला होता आणि डोळे भरून आले होते. सगळे वाट बघत होते, पण या वेळी पुढे काही ऐकू आलं नाही.

"चार लिही," डेल म्हणाला.

शरयूने विचारलं, "चौथं नाव कोणाचं लिहू?"

डेलने टोपी काढून टेबलावर ठेवली.

"माझं लिही," तो म्हणाला.

दोन्ही भावांनी त्याच दिवशी राजीनामा दिला आणि परत कधी आले नाहीत. जूनमध्ये मोरी उकरली, तेव्हा रुळांखाली एका लहान स्वयंपाकघराएवढी पोकळी निघाली. बघायला अर्धं गाव आलं होतं. भरावाचं काम थंडीपर्यंत चाललं. शरयूने नकाशे काढले, खडी मोजली, रोज संध्याकाळी कंबर शेकत घरी आली. डेलने अध्यक्षपद सोडलं, पण फावडं घेऊन तो शेवटच्या दिवसापर्यंत येत होता. कामाच्या मधल्या सुट्टीत ती दोघं शेजारी बसून सँडविच खायची. हॅरल्डविषयी ती एकदाही बोलली नाहीत.

ऑक्टोबरमध्ये शरयू हॅरल्डच्या बायकोकडे गेली. टेपचं तिने काढलं नाही. पोकळी सापडल्याचं सांगितलं, आणि आपलं चुकलं असं म्हणाली. म्हातारीने ऐकून घेतलं. ठीक आहे म्हणाली नाही, चहा मात्र दिला, आणि जाताना परसातल्या उशिरा पिकलेल्या टोमॅटोंची पिशवी हातात ठेवली.

२००७ च्या जूनमध्ये गाडी सुरू झाली. लाइनप्रमुख म्हणून सही शरयूची होती. पहिल्या फेरीला चारही डबे भरले होते. रुचाने, तिच्या मुलीने, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून फोन करून "Mom, are you riding up front?" असं विचारलं होतं. पण शरयू गाडीत बसली नाही. ती एकटीच चौथ्या मैलाला गेली आणि ओढ्याकाठी खाली उभी राहिली.

दुरून शिट्टी ऐकू आली. मग रूळ वाजायला लागले. इंजिन कमानीवर आलं तेव्हा तिने श्वास रोखून धरला. एकेक डबा वरून गेला. खिडकीतून एक लहान मुलगी हात हलवत होती. दगडांतून मातीचा कणही खाली पडला नाही, आणि शेवटचं चाक पलीकडे गेल्यावर तिला समजलं की आपण मघापासून भिंतीला हात लावून उभ्या आहोत.

ती वर चढून आली. गाडी लांब गेली होती. गाडीच्या मागून लाइन बघत चालायचं काम आता तिचं होतं, म्हणून ती निघाली. मक्याची रोपं गुडघ्याएवढी झाली होती. काही अंतर गेल्यावर तिला वाटलं, मागून कोणीतरी येतंय. ती थांबली नाही आणि तिने वळूनही पाहिलं नाही. वाटेत एक स्लीपर जरा हलका वाटला. तो तिने टाचेने दाबून पाहिला, वहीत लिहून घेतला आणि ती पुढे चालायला लागली.